एक दशांशाचा माणूस

"लग्न मी अंदाजाने केलं, पण काडतूस अंदाजाने भरणार नाही," असं ऑर्लिन टॉर्विक एकदा चर्चच्या तळघरात, एका हातात कॉफी आणि दुसऱ्या हातात बटाट्याच्या पोळीची सुरळी धरून, चारचौघांत म्हणाला. चारचौघं हसले. म्हणजे ऑस्टर्डाल गावात हसतात तसे, फक्त खांद्यांनी. ज्या बाईशी त्याने अंदाजाने लग्न केलं होतं ती आर्डिस त्याच्या मागेच किटली घेऊन उभी होती. तिने पुढे होऊन त्याचा कप भरला, काठोकाठ, एक थेंबही न सांडता, आणि पुढच्या माणसाकडे वळली.

ऑर्लिनचं सगळं कमावतं आयुष्य अंदाजावर गेलं होतं. गारपीट झाली की विमा कंपनीतर्फे नुकसान ठरवायला तो जायचा. मोंटानाच्या उत्तरेला गहू क्षितिजापर्यंत असतो आणि गारा पाच मिनिटं पडतात. ऑर्लिन पिकअप बांधावर उभी करायचा, काच खाली घ्यायचा, शेताकडे बघायचा आणि म्हणायचा, "चाळीस टक्के." एखाद्याचं अख्खं वर्ष त्या दोन शब्दांत मावायचं. आर्डिसच्या बापाच्या, हालवर नीगार्डच्या शेतावर तो पहिल्यांदा आला तेव्हा गहू चटईसारखा आडवा झालेला होता. ऑर्लिनने बघितलं आणि साठ टक्के नुकसान म्हणाला. हालवरने त्याला घरात नेऊन कॉफी पाजली, कारण या भागात वैऱ्यालाही कॉफी पाजतात. ती कॉफी आर्डिसने ओतली होती. तो गेल्यावर हालवर मुलीला म्हणाला, "पोरगा वाईट नाही. त्याला वजन कळत नाही, एवढंच."

मग निवृत्ती आली, आणि ज्या माणसाने जन्मभर मोजलं नाही त्याला म्हातारपणी मोजण्याचा ध्यास लागला. जन्मभर आडवा हात मारून जेवलेल्याने एकाएकी उपास धरावेत आणि घरादाराला धरायला लावावेत, तसं झालं.

इथे काडतुसं घरी भरणं नवं नाही. झाडलेल्या काडतुसाची पितळी नळी जपून ठेवायची, तिच्या बुडाला ठिणगीची नवी टोपी बसवायची, मोजून बारूद ओतायची, वर गोळी दाबायची. बारूद ग्रेनमध्ये मोजतात. ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज. बारूद कमी पडली तर गोळी भलतीकडे जाते, फार जास्त पडली तर रायफल तोंडावर फुटते. म्हणून काटा हवा. इथवर सगळं गाव एकमताचं होतं. ऑर्लिन इथून पुढे निघाला. त्याला ग्रेनचा दहावा भाग अचूक हवा होता, आणि तो सापडल्यासारखा वाटला की त्याच्याही दहाव्या भागाची तहान लागायची.

पहिला इलेक्ट्रॉनिक काटा त्याने घेतला तेव्हा त्याला आठवडाभर झोप चांगली लागली. मग एका सकाळी तीच गोळी काट्याने एक दशांशाने जास्त दाखवली. ऑर्लिनने दुसरा काटा घेतला. दोन्ही शेजारी ठेवले, तर दोघांचं पटेना. न्याय करायला तिसरा आला आणि त्याने स्वतःचंच मत मांडलं. चौथ्यापासून पुढचे कशासाठी आले ते आर्डिसने विचारणं सोडून दिलं. तळघरातल्या लांब बाकावर ते ओळीने बसलेले असत, हिरवे आकडे लुकलुकवत, एखाद्या समितीसारखे: सगळे जागे, आणि एकाचंही दुसऱ्याशी पटत नाही.

दोष काट्यांचा असणं ऑर्लिनला मान्य नव्हतं. दोष घराचा होता. घर तापवणाऱ्या भट्टीचा पंखा सुरू झाला की हवा हलते, म्हणून वजन करताना भट्टी बंद. ट्यूबलाइटने आकडे थरथरतात, म्हणून ट्यूबलाइट काढून टाकली. फोन तळघरात न्यायचा नाही. कपडे धुण्याचं यंत्र सुरू करायच्या आधी जिन्यावरून हाक मारून विचारायचं. शेवटी एका संध्याकाळी तो वर आला आणि शांतपणे म्हणाला, "आर्डिस, तू स्वयंपाकघरात चालतेस ना, ते खाली कळतं."

"मग काय करू?"

"मी खाली असेन तेव्हा बसून राहत जा."

ती बसली. अंगात लोकरीचा कोट, डोक्यावर टोपी, आपल्याच घरात पाहुणीसारखी. बाहेर मैलोन्मैल वारा, आत भट्टीचं थंड लोखंड, आणि पायांखाली एक माणूस बारूदीचा एक दाणा चिमट्यात धरून तो दाढीच्या ब्लेडने अर्धा कापत असलेला. तिच्या मनात आलं, जगात देव आहे की नाही याची चौकशी करणारी माणसंही इतकी थंडी सोसत नसतील.

हे सगळं तिने चालवून घेतलं असतं. पण त्या वर्षी तिला परवाना लागला.

नदीकाठच्या तुटक्या कड्यांच्या मुलखात एल्क, म्हणजे घोड्याएवढं हरीण, मारायचा तर सरकारी सोडतीत नाव यावं लागतं. आर्डिस दरवर्षी अर्ज करायची, दरवर्षी नाव यायचं नाही. हालवर जिवंत होता तेव्हापासून हे चाललं होतं. तो स्वतः त्या कड्यांत कधी जाऊ शकला नाही. त्याची सोडत मरेपर्यंत लागली नाही. मरताना त्याने रायफल मुलीला दिली आणि म्हणाला, "तुझं नाव आलं तर हीच ने." त्या उन्हाळ्यात नाव आलं. आर्डिसचे गुडघे आता कुरकुरायला लागले होते. पुन्हा नाव येईल तेव्हा कडे असतील, गुडघे नसतील, हे तिला ठाऊक होतं.

हालवरच्या रायफलीचं माप जुनं, त्याची काडतुसं दुकानात मिळेनाशी झालेली. ती घरीच भरावी लागत. आणि दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही, असा या भागाचा नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, म्हणून कुणी मोडत नाही. शेजाऱ्याची करवत मागता येते, पिकअप मागता येते, अगदी वेळ आली तर मूत्रपिंडही मागता येतं. काडतूस नाही. त्यातून फक्त नवराबायकोला सूट, कारण तळघर एकच.

"ऑर्लिन, माझ्यापुरती थोडी भरशील ना?" तिने जूनमध्ये विचारलं.

"भरणारच. आता नीट भरू," तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. इतके दिवस त्याच्या मोजण्याला काही कारण नव्हतं. आता ते मिळालं होतं.

जुलै काटा निवडण्यात गेला. ऑगस्टमध्ये त्याने तपासणीची वजनं मागवली, पितळेची, मखमली डबीत बसवलेली. सप्टेंबरात त्याला त्या वजनांचाच संशय आला, आणि ती तपासायला त्याने दुसऱ्या कंपनीची डबी आणली. दोन डब्यांत केसाएवढा फरक निघाला. रात्री जेवताना त्याने ही बातमी अशी सांगितली, जशी एखाद्याने गावातल्या पाद्र्याबद्दल काही कळल्याचं सांगावं.

"मग आता?" आर्डिसने विचारलं.

"आता कुणावर विश्वास ठेवायचा ते ठरवायला हवं."

"माझ्यावर ठेव. मोसम ऑक्टोबरात सुरू होतो."

"आकड्याला घाई चालत नाही, आर्डिस. तुझ्याच हातात ती रायफल असणार आहे. मला तुझी काळजी आहे म्हणून तर."

काळजी आहे म्हटलं की बाई गप्प बसते, हा अंदाज मात्र त्याचा अचूक असायचा.

मोसम सुरू झाला. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. कॉफीच्या हॉटेलात ड्युएन हाउगलँडला विषय मिळाला. ड्युएन बंदूक क्लबचा अध्यक्ष, जाडा, मोकळा, स्वतःची काडतुसं टीव्हीवर सामना बघत भरणारा.

"काय रे ऑर्लिन, झाली का बायकोची काडतुसं?"

"काटे तापून अजून स्थिर झालेले नाहीत."

"मग कुणीतरी त्या एल्कला निरोप द्या रे. म्हणावं, थांब बाबा, काटा गरम होतोय."

खांदे हलले. ऑर्लिनने कॉफीत दूध घातलं, अंदाजाने.

आर्डिसबरोबर कड्यांत जाणार होती ती तिची शेजारीण लव्हॉन. लव्हॉन विधवा, पायात कायम नवऱ्याचे बूट, तोंडाला कुलूप नाही. ती रोज एकदा खिडकीशी पिकअप थांबवायची.

"झालं?"

"नाही अजून."

"तुझा नवरा काडतूस भरतोय की पृथ्वीचं वजन करतोय?"

"हळू बोल. तो खाली आहे."

"माझ्या बोलण्याने त्याचा काटा हलत असेल तर काटा बदलायला सांग. नाहीतर नवरा. दोन्हींत मोडका कोणता ते आधी बघ म्हणजे झालं."

थँक्सगिव्हिंगचा गुरुवार आला. त्यानंतरच्या रविवारी मोसम बंद. आर्डिसने टर्की भाजली, पोळ्या केल्या, दोन ताटं मांडली. भट्टी बंद होती. टर्कीची वाफ सरळ छताकडे जात होती आणि ती गार व्हायच्या आत खाली आवाज जाईल अशा बेताने आर्डिसने हाक मारली. ऑर्लिन वर आला, डोकं झुकवून त्याने प्रार्थना म्हटली, आणि आमेनच्या पाठोपाठ म्हणाला, "उद्या बिलिंग्जला जातो."

"उद्या?"

"प्रयोगशाळेत वापरतात तसला काटा आहे. उद्या सवलतीत. तो आणला की प्रश्न मिटला. शनिवारी भरतो, रविवारी तू जा."

"रविवारी अंधार पडला की मोसम संपतो, ऑर्लिन. एका दिवसात काय मिळणार तिथे? कड्यांत नुसतं उतरायला अर्धा दिवस जातो."

"एक दशांश, आर्डिस," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "सगळं अडलंय ते एका दशांशावर."

तिने त्याच्या ताटात टर्कीचा तुकडा वाढला. या माणसाने माझ्या बापाच्या शेतावर चाळीस टक्के गहू उभा पाहिला होता, असं तिच्या ओठांवर आलं. आलं आणि तिथेच थिजलं. या घरात बरंच काही असं थिजलेलं असायचं. भट्टी चालू असतानासुद्धा.

शुक्रवारी उजाडता उजाडता तो गेला. आर्डिसने पहिलं काम भट्टी सुरू करण्याचं केलं. मग ती तळघराच्या दाराशी वाकली. ते दार आपसूक बंद होऊ नये म्हणून ऑर्लिनने खाली लोखंडाचा एक हिरवा, टवके उडालेला ठोकळा लावून ठेवला होता. ती हालवरच्या दांडीच्या काट्याची बैठक होती. "खेळणं आहे," असं ऑर्लिन तो काटा घरात आला त्या दिवशी म्हणाला होता, आणि दाराशी जड काहीतरी हवंच होतं. दांडी आणि पारडं आर्डिसने तेव्हाच उचलून, बापाच्या हातरुमालात गुंडाळून शिवणाच्या खणात ठेवलं होतं. कशासाठी, ते तिने स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

तिने दांडी बैठकीवर चढवली. पायाचा स्क्रू फिरवून काटा सपाटीला आणला. काटा जागेवर आहे का ते बघायला हालवर नवी गोळी पारड्यात ठेवायचा. डब्यावर तिचं वजन छापलेलं असतं. तिनेही तसंच केलं. दांडी खाली गेली, वर आली, जरा घुटमळली आणि टोक खुणेवर येऊन थांबलं. बाकावरचे सगळे हिरवे आकडे अंधारात गप्प होते. ऑर्लिनने जाताना त्यांच्यावर फडकी घातली होती, पोपटाच्या पिंजऱ्यावर घालतात तशी.

लहानपणी हिवाळ्यात हालवर स्वयंपाकघराच्या टेबलावर काडतुसं भरायचा आणि ती समोर हनुवटी टेकून बसायची. दांडी स्थिर होईपर्यंत श्वास सोडायचा नाही, कारण श्वासानेही पारडं हलतं. बाप आणि मुलगी समोरासमोर, दोघंही श्वास धरून. त्या घरात यापेक्षा जवळ कुणी कुणाच्या आलं नाही. बारूदीच्या डब्यावर हालवरच्या हातचा आकडा अजून होता, आणि ऑर्लिनच्या पुस्तकातल्या आकड्याशी तो जुळत होता. आर्डिसने दांडीवर सरकणारं डावीकडचं मोठं वजन त्याच्या खाचेत बसवलं. ते एक खाच चुकलं तर पाच ग्रेनचा फरक पडतो. हालवर दर वेळी त्यावर बोट ठेवून मोठ्याने म्हणायचा, "पाचाची खाच बघितली." तिनेही बोट ठेवलं आणि रिकाम्या तळघरात मोठ्याने म्हणाली, "पाचाची खाच बघितली." मग श्वास धरला.

पाच काडतुसं झाली. दोन तिने दुपारी लव्हॉनबरोबर ओढ्याच्या पलीकडे कागदावर झाडली. दोन्ही भोकं एका पोळीच्या लाटण्याएवढ्या अंतरात, आणि लाटण्याच्या जाडीएवढ्या, लांबीएवढ्या नव्हे. तीन खिशात ठेवली. बिलिंग्जमध्ये बर्फ पडत होता. ऑर्लिनचा फोन आला की तो रात्री बहिणीकडे थांबतोय, काटा मिळालाय, काळजी करू नकोस.

"नाही करत," आर्डिस म्हणाली.

शनिवारी सकाळी ती कड्यांत उतरली, बऱ्याचदा बसून, घसरत. लव्हॉन वर दुर्बीण घेऊन राहिली. खाली ओहोळात एल्क पाणी प्यायला थांबला होता. त्याच्या तोंडाची वाफ दिसत होती. आर्डिसने श्वास धरला. आयुष्यभर तिला एवढंच नीट शिकवलेलं होतं. एकच गोळी लागली. मग बराच वेळ काहीच हललं नाही, आणि मग तिच्या लक्षात आलं की श्वास सोडायचा राहिलाय.

ऑर्लिन परत आला तेव्हा लव्हॉनच्या पिकअपला दोर बांधून ओढून आणलेला एल्क गॅरेजात टांगलेला होता. शिंगं दाराला अडत होती. नवा काटा छातीशी धरून तो त्या जनावराभोवती एक फेरी फिरला.

"कुठल्या काडतुसाने?"

"मी भरलं."

"कुठल्या काट्यावर?"

"बाबांच्या."

ऑर्लिनने शिंगांकडे बघितलं. गारपिटीनंतर शेताकडे बघायचा तसं. पण या वेळी त्याने आकडा सांगितला नाही. तो तळघरात गेला. थोड्या वेळाने भट्टी बंद झाल्याचा टक् असा आवाज आला.

सोमवारी तो हॉटेलात शिरला तेव्हा ड्युएन उठून उभा राहिला. "ये लेका. एक गोळी, म्हणे. एकच. आम्ही इतके दिवस तुझी टिंगल केली, पण शेवटी केलंस हं. काडतूस असं भरावं."

ऑर्लिनने खुर्ची ओढली. "हं," तो म्हणाला.

त्याने खोटं असं काही सांगितलं नाही. पुढेही कधी सांगितलं नाही. आमच्याकडचा धर्म खोटं बोलायला मनाई करतो, "हं" म्हणायला करत नाही. डिसेंबरात कुणी म्हणे, "ऑर्लिन, इतके महिने लावलेस त्याचं चीज झालं." "हं." जानेवारीत कुणी आपला काटा दाखवायला घेऊन आला. ऑर्लिनने तो उलटसुलट केला आणि म्हणाला, "हं." त्या एका अक्षरावर माणसाने अख्खा हिवाळा काढला आणि वजन वाढवलं. आर्डिसला लव्हॉनकडून सगळं कळत होतं.

"तू बोलत का नाहीस?" लव्हॉन विचारायची.

"काय बोलू? एल्क फ्रीजरमध्ये आहे. मला तेवढंच हवं होतं."

हे खरं होतं, फक्त पुरतं नव्हतं. श्रेयाचं तिला काही नव्हतं. पण बापाचा काटा पुन्हा तळघराच्या दाराशी गेला होता, आणि जिना उतरताना ऑर्लिन रोज त्याला पायाने जरा सरकवायचा. ते तिला वर बसून ऐकू यायचं. वरचं चालणं खाली कळतं, तसंच खालचंही वर कळतं. हे ऑर्लिनच्या लक्षात आलं नव्हतं.

फेब्रुवारीत क्लबचं शिकारीचं जेवण असतं. ज्याने त्याने मारलेलं आणायचं, चर्चच्या तळघरात शिजवायचं, सगळ्यांनी खायचं. त्या वर्षी आर्डिसच्या एल्कचा रस्सा होता, आणि जेवणाआधी ऑर्लिन टॉर्विकचं व्याख्यान: घरच्या घरी काडतुसं भरण्यासाठी अचूक काटा कसा निवडावा. ड्युएनने त्याला बजावलं होतं, "ते सगळं दुकान नको आणूस. ज्याच्यावर आर्डिसचं काडतूस भरलं तो एक काटा आण."

आणि ऑर्लिन अडकला. दुसरा काटा नेणं म्हणजे खोटं बोलणं झालं असतं. तो प्रामाणिक माणूस होता, म्हणून त्याने खरा काटा नेला. आर्डिस रश्श्याचं पातेलं पिकअपमध्ये ठेवत होती तेव्हा तिने पाहिलं: तळघराच्या दाराशी आता एक वीट होती.

"दांडी कुठे असते ती?" ऑर्लिनने तिच्याकडे न बघता विचारलं.

"शिवणाच्या खणात. रुमालासकट ने."

ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताटं देत होती. तिथून सगळी खोली दिसायची: घडीची टेबलं, टोप्या मांडीवर घेतलेले पुरुष, पुढे ऑर्लिन आणि त्याच्यासमोर तो हिरवा काटा. तो चांगला बोलत होता. यात वीज नाही, तो म्हणाला, म्हणून वीज जायची भीती नाही. गरम व्हायची वाट बघायला नको. लोखंड आहे, दांडी तोलणारी दगडाची धार आहे, पृथ्वीचं ओढणं आहे, आणि या तिघांना मतं नसतात. लोक माना डोलवत होते. सहा महिन्यांपूर्वी त्याने याच खोलीत दांडीच्या काट्यांना आजोबांची कवळी म्हटलं होतं, ते कुणी काढलं नाही. आमच्याकडे माणसाला त्याचे शब्द परत देत नाहीत, घरी नेऊन ठेवतात.

"छान," ड्युएन म्हणाला. "आता मोजून दाखव. आर्डिसच्या काडतुसाला होती तेवढी. बारूद आहे इथे."

ऑर्लिनने दांडी बैठकीवर ठेवली. ती सरळ बसेना. त्याने ती काढून पुन्हा ठेवली. घडीचं टेबल हलत होतं, टोक खुणेभोवती वरखाली नाचत होतं, आणि कुणीतरी मागे म्हणालं, "मतं नाहीत म्हणाला ना हा?" खांदे हलले. ऑर्लिनने बोटाने मोठं वजन सरकवलं, छोटं सरकवलं, चमच्याने बारूद टाकायला सुरुवात केली. बाकीचे पुढे वाकून बघत होते. दोघांतिघांनी आकडा टिपायला पेन काढलं होतं.

आर्डिसने खिडकीतून पाहिलं. मोठं वजन एक खाच पुढे होतं.

ती गप्प राहिली असती. पोळ्या वाढल्या असत्या, घरी गेली असती, आणि हा "हं" उन्हाळ्यापर्यंत चालला असता. पण पाच ग्रेन म्हणजे हातात फुटणारी रायफल, आणि पेनं उघडी होती. तिने वाढायचा पळा ठेवला, हात फडक्याला पुसले आणि टेबलांमधून वाट काढत पुढे आली.

"पाचाची खाच बघ, ऑर्लिन," ती हळूच म्हणाली.

त्याने बघितलं. त्याला कळेना नक्की काय बघायचं.

"ही." तिने वजन एक खाच मागे घेतलं आणि त्यावर बोट ठेवलं. "हे असं राहिलं असतं तर तुमच्यातल्या कुणाचातरी डोळा गेला असता. लिहिलं असेल त्याने खोडा." मग ती वाकली, टेबलाच्या पायाखाली एक कागदी रुमाल घडी करून सरकवला, काट्याच्या पायाचा स्क्रू अर्धा वळसा फिरवला. पारडं रिकामं केलं आणि पहिल्यापासून बारूद टाकायला लागली. शेवटचे दाणे दोन बोटांच्या चिमटीतून एकेक. आणि श्वास धरला.

"अगदी हालवर," लव्हॉन मागून म्हणाली. "तेच गाल फुगवणं."

कुणी हसलं नाही. ड्युएनने आर्डिसच्या बोटांकडे पाहिलं, मग काट्याकडे, मग खूप सावकाश ऑर्लिनकडे. "म्हणजे, ऑर्लिन," तो म्हणाला, "ते काडतूस..."

सगळी खोली त्या एका अक्षराची वाट बघत होती. हिवाळाभर ते किती सहज आलं होतं. आर्डिसने मान वर केली नाही. दांडी अजून स्थिर व्हायची होती.

ऑर्लिनने खुर्चीवरून कोट उचलला. कानांवर येणारी टोपी डोक्यात घातली आणि ती नीट बसली आहे की नाही ते हाताने चाचपलं. टेबलांच्या मधून, कुणाच्या गुडघ्याला न लागता, तो दारापर्यंत गेला. त्याने दार उघडलं तशी बाहेरची थंड हवा आत आली, पारडं हललं आणि खुणेवर आलेलं टोक पुन्हा खाली गेलं. दार लागलं. आर्डिस श्वास धरून टोक वर येण्याची वाट बघत राहिली.